बाळ कधी रांगेल, कसं रांगेल? आईबाबांना नेहमी पडणारे प्रश्न

माझा मुलगा ७ महिन्यांचा असताना रांगायला लागला. धाकटी मुलगी मात्र हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाही. ती बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरायची आणि १९ महिन्यांची झाल्यावर एक दिवस उठून चालायला लागली. ते वर्ष मी जितक्या काळजीत काढलं तितकं पुढे तिच्या कुठल्या आजारपणातही काढलं नाही. तेव्हा मी जे वाचलं, डॉक्टरांना आणि मुलांच्या फिजिओथेरपिस्टना जे विचारलं, आणि आता नव्याने आई किंवा बाबा झालेली मंडळी मला जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिते आहे.

बाळ साधारण कितव्या महिन्यात रांगतं?

बहुतेक बाळं ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान कधीतरी रांगायला लागतात. पण हा आकडा ऐकून लगेच कॅलेंडर काढू नका, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचाली नियमितपणे पाहून नोंदवल्या. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हातागुडघ्यांवर रांगण्याचा काळ ५.२ महिन्यांपासून १३.५ महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. म्हणजे एक बाळ साडेपाच महिन्यांत रांगतं, दुसरं वर्ष उलटल्यावर, आणि दोन्ही अगदी ठणठणीत असतात. सुमारे ४.३ टक्के मुलं तर त्या पद्धतीने कधी रांगलीच नाहीत. आठ महिन्यांहून मोठा हा पल्ला आहे. शेजारचं बाळ दोन महिने आधी रांगलं, यावरून तुमच्या बाळाबद्दल काहीच कळत नाही.

अलीकडे डॉक्टरांच्या यादीत रांगणं नसतंच म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२२ मध्ये बाळाच्या वाढीच्या टप्प्यांची यादी नव्याने केली, तेव्हा रांगणं त्यातून काढून टाकलं. त्या यादीत फक्त असे टप्पे ठेवले आहेत जे त्या वयातल्या ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना जमतात. रांगणं मुलागणिक इतकं बदलतं, आणि काही मुलं ते इतकं सरळ गाळून टाकतात, की त्याला एक ठरावीक वय देणं अवघड आहे.

या बदलावर अनेक फिजिओथेरपिस्ट नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. यादीतून गेलं म्हणजे रांगण्याचं मोल गेलं, असा अर्थ कुणी काढू नये. रांगताना खांदे, मनगटं, पाठ आणि कंबर एकदम कामाला लागतात. बाळाला संधी जरूर द्यायची. नाही रांगलं म्हणून घाबरायचं नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

रांगण्याआधी बाळ काय काय करतं? कशावरून ओळखायचं?

रांगणं एका दिवसात येत नाही, त्याची तयारी पहिल्या महिन्यापासून चालू असते. पालथं ठेवलं की बाळ आधी क्षणभर मान उचलतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास कोपरांवर रेलून छाती वर घेतं. मग पाचव्या-सहाव्या महिन्यात हात सरळ ताठ करून समोर बघतं. याच सुमाराला ते पोटावर राहून घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरायला लागतं. पुढे जात नाही, पण डोकं जिथे होतं तिथे पाय येतात. हे फिरणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात बाळ पहिल्यांदाच एका हातावर भार ठेवून दुसरा हात मोकळा करायला शिकतं.

त्यानंतरचं दृश्य कुणी विसरत नाही: बाळ हात आणि गुडघे टेकून उभं राहतं आणि जागच्या जागी पुढे-मागे झुलतं. अंगात वारं भरल्यासारखं. माझा मुलगा असा दोन आठवडे झुलत होता. पुढे जाण्याची इच्छा पुरेपूर, पण कुठला हात आधी उचलायचा हे कळत नाही. झुलताना ते वजन हातांवरून गुडघ्यांवर आणि गुडघ्यांवरून हातांवर नेऊन बघत असतं. उजवा हात आणि डावा गुडघा, मग डावा हात आणि उजवा गुडघा, ही तिरपी जोडी एकदा जमली की गाडी सुटते.

आणखी एक खूण. बसलेलं बाळ एका कुशीला झुकून, हात टेकून, पाय मागे घेऊन स्वतःहून पालथं व्हायला लागलं आणि तिथून परत बसायला लागलं, तर समजा की रांगणं अगदी दाराशी आलं आहे. बसण्यातून बाहेर पडता येणं ही मोठी कला आहे. ज्या बाळांना सतत उशांच्या मधोमध टेकून बसवलं जातं त्यांना ती शिकायला उशीर लागतो, कारण त्यांना पडायची आणि सावरायची वेळच येत नाही.

आमचं बाळ पोटावर सरपटतं. हे रांगणं धरायचं का?

धरायचं. कोपरांनी ओढत, पोट जमिनीला घासत जाणं हा रांगण्याचाच एक प्रकार आहे. त्याशिवाय हात आणि पाय सरळ ठेवून, गुडघे न टेकता अस्वलासारखं चालणारी बाळं असतात. एक पाय मुडपून दुसऱ्याने ढकलत जाणारी असतात. लोळत लोळत खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारी असतात, आणि माझ्या मुलीसारखी बसून सरकणारी असतात.

बाळांच्या हालचालींचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ यांनी १९९८ मध्ये दाखवलं की जवळपास अर्धी बाळं आधी पोटावर सरपटतात, उरलेली थेट हातागुडघ्यांवर येतात. हातागुडघ्यांवर येण्याचं वय दोघांचं सारखंच निघालं. पण जी आधी सरपटली होती ती हातागुडघ्यांवर आल्याबरोबर जास्त सफाईने आणि वेगाने जाऊ लागली. सरपटण्याचे ते आठवडे फुकट जात नाहीत.

बाळ पुढे जायच्या ऐवजी मागेच जातं. असं का?

या वयात हातात पायांपेक्षा जास्त जोर आणि नेम असतो. बाळ हातांनी जमीन दाबतं आणि अंग मागे ढकललं जातं. समोरचं खेळणं लांब लांब जाताना बघून बिचारं रडकुंडीला येतं. तुम्ही त्याच्या मागे बसा आणि तळपायांना तुमचे तळहात भिंतीसारखे लावा. ढकलू नका, फक्त धरून ठेवा. पायाला टेकू मिळाला की पायाने रेटायचं असतं हे त्याला हळूहळू उमगतं. बहुतेकांचं हे मागे जाणं थोड्या आठवड्यांत आपोआप थांबतं.

रांगायला मदत म्हणून आम्ही काय करू शकतो?

माझं उत्तर दोन शब्दांचं आहे: जमीन द्या.

आजची बाळं दिवसाचा फार मोठा भाग कशात ना कशात अडकलेली असतात. गाडीतली खुर्ची, ढकलगाडी, झोपाळी, बसायची गादी, आणि उरलेला वेळ कुणाच्या तरी कडेवर. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी ठीक आहे. पण रांगायला फक्त जमिनीवरच शिकता येतं. बाळाला जमिनीवर किती वेळ मिळतो, हे एकदा एका दिवसापुरतं मोजून बघा. मी मोजलं तेव्हा मला धक्का बसला होता.

पालथं ठेवायची सवय जन्मानंतर लगेच सुरू करता येते. सुरुवातीला तुमच्या छातीवर, तोंडाला तोंड देऊन, एक-दोन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जे बाळ अजून स्वतः जागा बदलू शकत नाही त्याला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं ठेवावं, अर्थात जागं असताना आणि कुणीतरी शेजारी असताना. हा अर्धा तास सलग करायचा नाही. डायपर बदलल्यावर तीन मिनिटं, अंघोळीआधी चार मिनिटं, असा तो जमतो.

बाळ पालथं ठेवलं की रडत असेल तर छातीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, हात त्याच्या पुढे येऊ द्या, आणि तुम्हीही समोर पालथे पडा. खेळण्यापेक्षा आईबाबांचं तोंड जास्त कामाला येतं. थोडं मोठं झाल्यावर खेळणं समोर न ठेवता बाजूला ठेवा, म्हणजे ते वळेल. हात जेमतेम पोचणार नाही एवढ्याच अंतरावर ठेवा. फार लांब ठेवलं तर बाळ नाद सोडून देतं, आणि प्रत्येक वेळी हात पुढे करताच खेळणं मागे सरकवलं तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो. मिळवू द्या त्याला. कष्टाचं फळ हातात आलं तरच ते पुन्हा कष्ट करेल.

हातागुडघ्यांवर टिकत नसेल तर पाय लांब करून जमिनीवर बसा आणि बाळाला तुमच्या मांडीवर आडवं घ्या. पोट मांडीवर, हात एका बाजूला जमिनीवर, गुडघे दुसऱ्या बाजूला. मांडी त्याचा भार उचलते आणि त्याला ती स्थिती कशी असते ते कळतं. ही युक्ती मला फिजिओथेरपिस्टनी शिकवली आणि मी ती अनेकांना दिली आहे. हात धरून ओढणं, कंबर धरून चालवल्यासारखं करणं यातलं काहीही करू नका. त्याने बाळ शिकत नाही, आपण थकतो.

कपडे आणि जमीन कशी असावी?

गुडघे आणि तळपाय उघडे असलेले बरे. मोजे घातले की पाय घसरतो, लांब झबलं गुडघ्यात अडकतं. फरशी फार गुळगुळीत असेल तर पातळ, न सरकणारी चटई पुरते. जाड मऊ गादीवर बाळाचे हात रुततात, त्यावर रांगायला जमत नाही. गुडघ्यांना वेगळं संरक्षण लागत नाही. जन्मतः गुडघ्याच्या वाट्या कूर्चेच्या असतात, हाड नंतरच्या वर्षांत तयार होतं.

बाळ उताणं झोपवल्यामुळे रांगायला उशीर होतो का?

थोडासा होऊ शकतो, आणि तरीही बाळाला उताणंच झोपवायचं. यात तडजोड नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये तशी शिफारस केली, १९९४ मध्ये तिथे त्याची मोठी मोहीम झाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यानंतर १९९८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की उताणी झोपणारी बाळं कुशीवर वळणं, सरपटणं, रांगणं हे सगळं जरा उशिरा करतात. पण चालण्याचं वय मात्र दोन्हीकडे सारखंच होतं.

म्हणून झोपताना उताणं, जागेपणी पालथं. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की झोपेत पालथं झालेल्या बाळाला रात्रभर उठून सरळ करत बसावं लागत नाही. ठेवताना मात्र उताणंच ठेवायचं, आणि आसपास उशा, जाड पांघरुणं, मऊ खेळणी नकोत.

उशीर होण्याची आणखी काय कारणं असतात?

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजायचं. ८ आठवडे आधी जन्मलेलं बाळ ९ महिन्यांचं झालं, तर हालचालींच्या हिशेबात ते ७ महिन्यांचं. साधारण २ वर्षांचं होईपर्यंत डॉक्टर असाच हिशेब ठेवतात. घरच्यांनी तो लक्षात ठेवला तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

अंगाने भरलेल्या बाळांना स्वतःचं वजन उचलायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. त्यासाठी त्याचं दूध किंवा खाणं कमी करायचं नसतं. काही बाळं स्वभावानेच शांत असतात. एका जागी बसून डब्याचं झाकण अर्धा तास उघडझाप करतात, त्यांना कुठे जायचं नसतं.

आणि एक गमतीशीर गोष्ट ऋतूची. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात केलेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाळ्यात आणि त्यानंतर जन्मलेली बाळं हिवाळ्यात जन्मलेल्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे उशिरा रांगली. कारण त्यांचं शिकायचं वय ऐन थंडीत येतं, तेव्हा दिवस लहान, अंगावर कपड्यांचे थर, आणि जमिनीवर वेळ कमी. पुन्हा जमीनच.

वॉकरमध्ये ठेवलं तर लवकर शिकेल का?

नाही. चाकं असलेला वॉकर कृपा करून घेऊ नका, आणि कुणी भेट दिला असेल तर वापरू नका. वॉकरमध्ये बाळ लटकलेलं असतं. ते चवड्यांवर ढकलतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, पडण्यातून सावरावं लागत नाही. म्हणजे रांगायला आणि चालायला जे जे लागतं त्यातलं काहीच ते शिकत नाही.

धोका तर फार मोठा आहे. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात जवळजवळ एक मीटर जातं. जिना, गरम भांडं, गॅसचं बटण, काहीही त्याच्या टप्प्यात येतं, आणि समोर बसलेला मोठा माणूस उठेपर्यंत घडायचं ते घडून जातं. कॅनडाने २००४ मध्ये बाळांच्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही बंदीची मागणी केली आहे. हा विषय निघाला की मी गप्प बसू शकत नाही.

आमचं बाळ रांगलंच नाही, थेट उभं राहिलं. पुढे अभ्यासात मागे पडेल का?

या प्रश्नावर माझ्या कितीतरी रात्री गेल्या आहेत. मला कुणी सांगितलं होतं की रांगलं नाही तर मेंदूचे दोन भाग नीट जोडले जात नाहीत, आणि पुढे वाचन-लेखन अडतं. या समजाचं मूळ जुनं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत डोमन आणि डेलाकाटो यांनी अशी उपचारपद्धती मांडली, जिच्यात मोठ्या मुलांनाही पुन्हा रांगण्यासारख्या हालचाली करायला लावत. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती तपासून तिला आधार नसल्याचं एकाहून अधिक वेळा जाहीर केलं. केवळ रांगलं नाही एवढ्या कारणावरून एखादं मूल पुढे वाचनात मागे पडतं, असं ठामपणे दाखवणारा पुरावा नाही.

जे खरं आहे ते वेगळं आहे आणि मला ते जास्त सुंदर वाटतं. बाळ स्वतःच्या बळावर जागा बदलू लागलं की त्याचं मन बदलतं. मानसशास्त्रज्ञ जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अनेक प्रयोगांतून दाखवलं. फिरू लागलेली बाळं लपवलेली वस्तू जास्त चिकाटीने आणि बरोबर ठिकाणी शोधतात. लांबच्या गोष्टींकडे लक्ष देतात. काही करण्याआधी वळून आईच्या चेहऱ्याकडे बघतात, की जाऊ का? घरातली माणसंही बदलतात. त्याला पहिल्यांदाच 'नको', 'थांब', 'तिकडे नाही' ऐकायला मिळतं, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग येतो. माझ्या मुलीने ढुंगणावर सरकत हे सगळं केलं. पलंगाखाली गेलेला चेंडू तिने शोधला, दारात थांबून माझ्याकडे बघितलं, आणि मी नको म्हटल्यावर जोरात ओरडली. कुठे तरी जायचंय आणि जाता येतंय, हे दोन्ही तिच्याकडे होतं.

बसून सरकणारी बाळं बऱ्याचदा उशिरा चालतात, दीड वर्षानंतर, कधी दोन वर्षांच्या आसपास. अनेकदा घरात आधीच्या पिढीतही कुणीतरी असंच सरकलेलं निघतं. पण त्यांना एकदा डॉक्टरांना दाखवून ठेवावं, एवढं मी नक्की म्हणेन. आम्हीही दाखवलं होतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वय पाहून ठरवण्यापेक्षा बाळ कसं हलतं ते पाहा. शरीराची एकच बाजू काम करत असेल, म्हणजे नेहमी तोच हात मागे राहतो, तोच पाय ओढला जातो, एका हाताची मूठ बहुतेक वेळ वळलेली असते, तर थांबू नका. तान्ह्या वयात दोन्ही हात सारखेच वापरले जातात. वर्ष व्हायच्या आधीच बाळ ठामपणे उजवं किंवा डावं झालं, तर त्याचं कौतुक न करता ते डॉक्टरांना सांगायचं असतं. अंग फार ताठ वाटत असेल, डायपर बदलताना पाय फाकत नसतील, किंवा उलट उचलल्यावर बाळ हातातून निसटेल इतकं लुळं वाटत असेल, तरी जा.

४ महिन्यांपर्यंत मान धरली नाही, ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसलं नाही, किंवा वर्ष झालं तरी कुठल्याच मार्गाने, अगदी लोळतही, हव्या त्या गोष्टीपर्यंत जात नाही, तर तपासणी करून घ्यावी. आणि आधी जमत असलेली गोष्ट बाळाने सोडून दिली, तर मात्र लगेच, पुढच्या लसीच्या तारखेची वाट न बघता.

जाताना मोबाईलवर बाळाचा जमिनीवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात बाळ हमखास कडेवरून उतरत नाही. आम्हाला पहिल्यांदा एका ठिकाणी बाळाला खाली न ठेवताच 'होईल हळूहळू' म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि मग तिची कंबर, पाय, पाठ नीट तपासली. तुमच्या मनात शंका असेल तर पुन्हा विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रांगायला लागल्यापासून रात्री सारखं उठतं. काय करावं?

नवी हालचाल शिकताना झोप बिघडणं खूप घरांत होतं. अर्धवट झोपेत बाळ हातागुडघ्यांवर येतं, झुलतं, आणि मग परत आडवं कसं व्हायचं हे न सुचून रडतं. दिवसा भरपूर रांगू द्या, बसण्यातून आडवं होण्याचा खेळ खेळा. रात्री दिवा न लावता, फार न बोलता झोपवा. काही आठवड्यांत घडी बसते. पाळण्याची किंवा कॉटची गादी मात्र आजच खालच्या पातळीवर आणा. हातागुडघ्यांवर आलेलं बाळ कठडा धरून कधी उभं राहील याचा नेम नसतो.

घर कसं तयार करायचं?

स्वतः हातागुडघ्यांवर येऊन सगळं घर फिरा. उभ्याने जे दिसत नाही ते तिथून दिसतं: टेबलाखाली लोंबणारी वायर, कपाटाखाली गेलेलं नाणं, पडद्याची दोरी.

सगळ्यात आधी बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या शोधा. रिमोट, वजनकाटा, वाजणारी खेळणी, शुभेच्छापत्रं, सगळीकडे त्या असतात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचं. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती बाळाच्या घशात अडकू शकते, असं समजून उचला.

पाण्याची बादली भरून ठेवू नका. बाळाचं डोकं जड असतं, ते आत वाकलं की त्याला बाहेर येता येत नाही, आणि बुडायला ५ सेंटिमीटर पाणीही पुरतं. जिन्याला वर आणि खाली फाटक लावा. कपाटं आणि टीव्ही भिंतीला पक्के करा, कारण रांगणारं बाळ आता काहीही धरून उभं राहणार आहे. टेबलावर लोंबणारं कापड आणि त्यावर गरम चहा, ही जोडी घरातून काढून टाका.

जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. चालतं का?

तोंडात घालणं ही त्याची वस्तू ओळखायची पद्धत आहे. जमीन साध्या पाण्याने रोज पुसलेली असावी, चपला-बूट बाहेर ठेवावेत, एवढं पुरतं. जंतूंच्या भीतीने बाळाला पलंगावरच ठेवू नका. पलंगावरून ते पडतं.

रांगणाऱ्या बाळाला उंचीची भीती असते ना? ते स्वतःहून काठावर थांबेल?

यावर अजिबात विसंबू नका. १९६० मध्ये मानसशास्त्रज्ञ एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी जाड काचेखाली खोल दरी असल्याचा भास निर्माण करून बाळांना तिच्यावर बोलावलं. रांगणाऱ्या बाळांपैकी बहुतेक काठावर थांबली. त्यावरून लोकांनी समजून घेतलं की भीती जन्मजातच असते. पुढच्या प्रयोगांनी वेगळं दाखवलं: ही सावधगिरी रांगण्याच्या अनुभवातून येते. नुकतं रांगू लागलेलं बाळ काठावरून सरळ पुढे जातं.

अॅडॉल्फ यांनी बाळांना उतारांवर ठेवून पाहिलं. नव्याने रांगणारी बाळं अशक्य उतारांवरूनही डोकं पुढे करून निघायची, आणि त्यांना झेलावं लागायचं. कित्येक आठवडे रांगून झाल्यावर ती उताराच्या तोंडाशी थांबू लागली, हाताने चाचपू लागली, पाय पुढे करून मागे घसरत उतरू लागली. मग ती चालायला लागली, आणि ज्या उताराला रांगताना टाळत होती त्याच उतारावरून उभ्याने बिनधास्त निघाली. रांगताना शिकलेलं चालताना कामाला आलं नाही, सगळा धडा पहिल्यापासून.

चालायला लागल्यावर मधेच परत रांगतं. काही बिघडलं का?

काही नाही. घाई असली की जुनी सवयीची गाडी बरी वाटते. चालणं नवं असताना पडणंही फार असतं. १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळताना मोजलं, तेव्हा ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. इतकं पडूनही ती चालतातच, कारण उभ्याने लांबचं दिसतं, हात मोकळे राहतात आणि कमी वेळात जास्त अंतर जाता येतं. दोन्ही पद्धती काही आठवडे शेजारी शेजारी चालतात, मग रांगणं आपोआप मागे पडतं.

फक्त एक करा: पहिलं पाऊल पडलं म्हणून त्या आनंदात जिन्याचं फाटक काढू नका. वर सांगितलेला उताराचा धडा तुमच्या बाळाला आता पुन्हा पहिल्यापासून गिरवायचा आहे.